तीन गावांत तीन शाखा काढण्यापूर्वी : सोलापुरातील किराणा साखळीचा हिशेब

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. वडिलांचे किराणा दुकान आपण जुळे सोलापुरात स्वयंसेवा पद्धतीचे सुपरमार्केट केले, दुसरे होटगी रस्त्यावर उघडले आणि दोन्ही चांगली चालतात. आता दोन वर्षांत बार्शी, पंढरपूर आणि अक्कलकोट येथे एकेक शाखा काढावी का, अशा प्रादेशिक साखळ्या आजवर कशा वाढल्या, आणि डी-मार्टसारख्या दुकानापुढे आपला टिकाव लागेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील सुपरमार्केटची खरेदी व गोदाम सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

आपल्या प्रश्नात शाखांची संख्या आहे, गावांची नावे आहेत, पण गोदामाचा उल्लेख कुठेही नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. दोन दुकाने मालकाला स्वतःच्या नजरेखाली चालवता येतात. सकाळी एका ठिकाणी, संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी बसले की कोणता माल संपला, कोणता पडून राहिला आणि कोणत्या वितरकाचे पैसे थकले हे डोळ्यांना दिसते. तिसऱ्या दुकानापासून हे दिसणे बंद होते आणि त्याची जागा नोंदींनी, गोदामाने आणि ठरलेल्या दिवशी निघणाऱ्या गाडीने घ्यावी लागते. ही व्यवस्था उभी असेल तर तिसरे दुकान पहिल्या दोघांना बळ देते. नसेल तर ते पहिल्या दोघांच्या पैशांवर जगते, आणि ही गोष्ट वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

यातील बरेच काही आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. जागा स्वतःची आहे की भाड्याची, कर्ज किती आहे, मार्केट यार्डातील अडत्यांकडे वडिलांची पत किती आहे, आणि घरातील कोणी दुसऱ्या गावी राहायला तयार आहे का, यावर उत्तर बदलते. तरीही काही हिशेब सर्वांना सारखेच लागू होतात.

प्रथम इतिहास पाहू, कारण त्यात आपल्या निर्णयासाठी उपयोगी असे बरेच काही आहे. महाराष्ट्रात एकाच व्यवस्थापनाखाली अनेक दुकाने चालवण्याचा अनुभव ग्राहक सहकारी संस्थांनी बरेच आधी घेतला. मुंबईतील नायगावच्या कामगारांनी 1948 मध्ये सुरू केलेल्या सहकारी ग्राहक मंडळातून ‘अपना बाजार’ उभा राहिला. पश्चिम महाराष्ट्रात वारणानगरच्या सहकारी समूहातून ‘वारणा बाजार’ निघाला आणि त्याच्या शाखा आसपासच्या गावांत पोहोचल्या. या दोन्ही संस्थांची सुरुवात एका ओळखीच्या समाजातून आणि एका मर्यादित परिसरातून झाली. माप चोख असेल आणि भाव सर्वांना सारखा असेल हा विश्वास गिऱ्हाइकाला आधीपासून होता, त्यामुळे एकत्र खरेदीचा फायदा लगेच हाती आला.

त्यानंतरच्या काळातील दोन खाजगी साखळ्यांची तुलना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राधाकिशन दमाणी यांच्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीने 2002 मध्ये मुंबईत पवई येथे पहिले डी-मार्ट उघडले. 2010 पर्यंत त्यांची दुकाने 25 च्या आसपास होती, मार्च 2017 मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा सुमारे 130, आणि मार्च 2025 अखेर 415. म्हणजे आज देशभर दिसणारी ही कंपनी सुरुवातीची कितीतरी वर्षे मुख्यतः महाराष्ट्र आणि गुजरातपुरती प्रादेशिक साखळीच होती. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या ठेवणे, नवे दुकान जुन्या दुकानांच्या आणि गोदामाच्या टप्प्यात उघडणे, पुरवठादाराला साधारण आठवड्याभरात पैसे देऊन त्या बदल्यात भावात सूट मिळवणे आणि ती सूट गिऱ्हाइकाला देणे, ही त्यांची पद्धत आहे. शंभर रुपयांच्या विक्रीमागे त्यांचा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी वजा करून उरणारी रक्कम, 15 रुपयांच्या आतबाहेर आणि निव्वळ नफा 5 रुपयांच्या आसपास राहतो. विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा खाद्यपदार्थांचा असला तरी भांडी, प्लास्टिकच्या वस्तू, चादरी, कपडे यांचा वाटा पाचव्या हिश्शाहून अधिक आहे, आणि धान्य-साखरेवर न मिळणारा नफा तिथे मिळतो.

याउलट चेन्नईत 1997 मध्ये सुरू झालेली ‘सुभिक्षा’. तामिळनाडूत शंभराहून अधिक लहान दुकाने काढून ती चांगली स्थिरावली होती. पुढे देशभर पसरण्याचा निर्णय झाला आणि 2008 पर्यंत दुकानांची संख्या 1,600 च्या आसपास गेली. हा विस्तार मुख्यतः कर्जावर झाला होता. 2008 मध्ये कर्ज मिळणे कठीण होताच पुरवठादारांचे, कर्मचाऱ्यांचे आणि जागामालकांचे पैसे थकले, फळ्या रिकाम्या झाल्या आणि 2009 च्या सुरुवातीला दुकाने बंद पडली. गिऱ्हाईक अचानक निघून गेले म्हणून हे झाले नाही. दुकानांची संख्या खेळत्या भांडवलाच्या, म्हणजे रोजचा माल आणि देणी भागवणाऱ्या पैशाच्या, पुढे गेली आणि फळीवर माल आणायला पैसा उरला नाही. 1,600 दुकानांना जे झाले ते पाच दुकानांनाही होऊ शकते. प्रमाण लहान असते एवढेच.

हे आपल्या आकड्यांत कसे दिसेल ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. एका शाखेची महिन्याची विक्री 40 लाख रुपये आणि त्या मालाची खरेदी 35 लाख रुपये धरा. दुकानात 30 दिवसांचा साठा असेल तर 35 लाखांचा माल फळीवर आणि मागच्या खोलीत आहे. वितरक सरासरी 10 दिवसांची उधारी देत असतील तर त्यातील सुमारे 11 लाख 70 हजार त्यांचे आणि उरलेले सुमारे 23 लाख 30 हजार आपले. आता गाडी वेळेवर जात नाही म्हणून शाखेचा व्यवस्थापक सावधगिरीने जास्त माल मागवू लागला आणि साठा 45 दिवसांवर गेला, तर फळीवरचा माल साडेबावन्न लाखांचा होतो आणि आपले अडकलेले पैसे जवळजवळ 41 लाखांवर जातात. विक्री एका रुपयानेही वाढली नाही, पण साडेसतरा लाख रुपये जास्त गुंतले. ते येतात कुठून, तर जुळे सोलापूरच्या गल्ल्यातून; आणि मग तिथल्या वितरकाला ‘पुढच्या सोमवारी या’ असे सांगावे लागते. असे दोन-तीनदा झाले की तो स्कीमचा, म्हणजे कंपनीच्या सवलतीचा, माल आधी दुसऱ्या दुकानदाराला देतो, आपल्याला रोखीची सूट मिळत नाही, आणि भावात आपण मागे पडतो. नव्या शाखेचे नुकसान अशा रीतीने जुन्या शाखेच्या भावात दिसू लागते, म्हणून ते ओळखू येत नाही.

त्याच उदाहरणात ढोबळ नफा महिन्याला 5 लाख रुपये आहे. विक्रीच्या एक टक्का माल फुटणे, मुदत संपणे, चोरी किंवा वजनातील घट यांत गेला तर 40,000 रुपये गेले, म्हणजे ढोबळ नफ्याचे 8 टक्के. भाडे विक्रीच्या 3 टक्क्यांच्या वर गेले की पगार आणि वीज भागवून किराणा दुकानात फारसे काही उरत नाही, असे मी सातत्याने पाहिले आहे. कपड्यांच्या दुकानाला परवडणारे भाडे किराण्याला परवडत नाही. जागामालकाशी बोलताना हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या तीन गावांकडे येतो, आणि इथे माझा स्पष्ट मतभेद आहे. बार्शी सोलापूरच्या उत्तरेला साधारण 70 किलोमीटर, पंढरपूर पश्चिमेला जवळजवळ तितकेच, आणि अक्कलकोट आग्नेयेला साधारण 40 किलोमीटर. तिन्ही गावे सोलापूरच्या तीन बाजूंना आहेत. एका गाडीने एका फेरीत यांतील दोन गावे होत नाहीत, म्हणजे प्रत्येक शाखेसाठी वेगळी फेरी, वेगळा चालक आणि बऱ्याचदा अर्धी रिकामी गाडी. याऐवजी मोहोळ, पंढरपूर आणि मंगळवेढा यांचा विचार करून पाहा. सोलापूरहून निघालेली गाडी मोहोळला माल उतरवून पंढरपूरला जाते आणि मंगळवेढ्यावरून त्याच दिवशी सोलापूरला परत येते. येताना मंगळवेढ्याची ज्वारी भरून आणता येते, ही आणखी एक सोय. गाव मोठे की लहान यापेक्षा ते कोणत्या फेरीत बसते हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. बार्शी मोठे व्यापारी गाव आहे, पण तिथे स्वतःची धान्यबाजारपेठ आणि मुरलेले ठोक व्यापारी आहेत. आपल्यासाठी बार्शी आधी खरेदीचे ठिकाण आहे, विक्रीचे नंतर.

पंढरपूरविषयी एक सूचना. आषाढी आणि कार्तिकीच्या गर्दीतील विक्री पाहून तिथल्या दुकानाचा अंदाज बांधू नये. वारकरी महिन्याचा किराणा भरत नाही. शिवाय त्या दिवसांत वाहतुकीवर निर्बंध असतात आणि मालाची गाडी गावात वेळेवर पोहोचत नाही, म्हणून स्थानिक कुटुंबांसाठीचा साठा आधीच पोहोचवावा लागतो. तिथल्या दुकानाचा खरा आधार वर्षभर तिथे राहणारी कुटुंबे आणि आसपासच्या गावांतून आठवडी बाजाराला येणारे शेतकरी हेच असतील.

गोदामात सुरुवातीला काय ठेवायचे हा पुढचा प्रश्न, आणि त्यात बरेच जण सगळेच एका ठिकाणी आणण्याचा आग्रह धरतात. साबण, बिस्किटे, चहा यांसारख्या कंपनीच्या मालाचा वितरक प्रत्येक गावासाठी ठरलेला असतो. सोलापूरच्या वितरकाकडून घेतलेला माल पंढरपूरच्या दुकानात विकायला नेला तर तिथला वितरक तक्रार करतो आणि कंपनीचा प्रतिनिधी आपल्याला जाब विचारतो. मोठ्या साखळ्यांना कंपन्या थेट माल देतात, पण त्यासाठी खरेदी बरीच मोठी लागते आणि पाच दुकानांवर ती सहसा होत नाही. म्हणून कंपनीचा माल शाखेत स्थानिक वितरकाकडूनच उतरवावा. गोदामात डाळी, धान्य, शेंगदाणे, पोहे, रवा, मसाले, सुकामेवा, भांडी आणि घरगुती वस्तू ठेवाव्यात. या मालात एकत्र खरेदीचा फायदा सर्वांत जास्त असतो, प्रतीवर आपले नियंत्रण राहते आणि आपल्या नावाची पिशवी तयार होते.

पिशवी भरण्याचे काही नियम मात्र आधीच समजून घ्यावेत. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी आणि धान्यांवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या विक्रीवर नाही. त्यामुळे कोणता माल पॅक करायचा आणि कोणता सुटा ठेवायचा हा भावाचाही निर्णय ठरतो. पॅकिंग करणाऱ्याला वैधमापन विभागाकडे नोंदणी करावी लागते, पिशवीवर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना आणि पत्ता छापावा लागतो, आणि अन्न परवाना प्रत्येक जागेचा वेगळा घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एकाच जीएसटी नोंदणीखाली गोदामातून शाखेत माल पाठवला तर ती विक्री ठरत नाही. शाखा नोंदणीत जोडलेली असावी, डिलिव्हरी चलन सोबत असावे आणि मालाची किंमत एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीच्या संकेतस्थळावर काढलेला वाहतुकीचा कागद, असावे. विजापूर किंवा कलबुर्गीला दुकान काढले तर मात्र कर्नाटकात वेगळी नोंदणी लागते आणि शाखेत पाठवलेल्या करपात्र मालावर कर आकारावा लागतो. सीमेपलीकडे आपले पुष्कळ गिऱ्हाईक आहे हे खरे, पण पहिल्या पाच शाखांत ते गाव नसावे.

सर्व शाखांत वस्तूंची यादी आणि प्रत्येक वस्तूचा क्रमांक एकच असला पाहिजे, यावर मी विशेष भर देतो. 22 सप्टेंबर 2025 रोजी साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे अशा कित्येक वस्तूंवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ज्यांची यादी एक होती त्यांनी एका ठिकाणी दर बदलला आणि सकाळी सर्व काउंटरवर नवा भाव लागला; ज्यांच्या प्रत्येक दुकानात वेगळी यादी होती त्यांना गिऱ्हाइकांशी दिवसभर वाद घालावे लागले. मोजणीसाठीही हेच लागते. वर्षाअखेरीस दुकान बंद ठेवून सगळा माल मोजण्यापेक्षा रोज एक रॅक मोजून नोंदीशी ताडून पाहावा. घट कोणत्या मालात आणि कोणत्या वेळी होते हे त्यातून आपोआप कळते.

सोलापूरच्या गिऱ्हाइकाविषयी आता थोडे लिहितो, कारण बाहेरची साखळी इथे कमी पडते ती याच बाबतीत. जुळे सोलापूर आणि होटगी रस्त्यावर पगारदार कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांचा महिन्याचा भरणा पहिल्या दहा दिवसांत होतो आणि मोठी पाकिटे खपतात. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती आहे, तिथे हाती पैसा आठवड्याला येतो. त्यामुळे लहान पाकिटे, पगाराच्या दिवशीची गर्दी आणि रोजच्या रोज लागणारे तेल-साखर यांवर दुकान चालते. तिथल्या तेलुगू भाषक घरांत तांदूळ, चिंच, इडली रवा यांची मागणी अधिक असते, तर कन्नड आणि मराठी घरांत ज्वारीशिवाय भागत नाही. जुळे सोलापूरची मागणीयादी जशीच्या तशी पूर्व भागात किंवा पंढरपुरात लावली तर तिसरा हिस्सा माल पडून राहील, असे मी खात्रीने सांगतो.

ज्वारीचे तर स्वतंत्र नियोजन करावे लागते. रब्बीची मालदांडी फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येते आणि अनेक घरे उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि सोलापूरकर ज्वारी दाणा हातात घेऊन पाहूनच घेतो. ज्या साखळीकडे चांगली, निवडलेली, किडीपासून जपलेली ज्वारी वर्षभर मिळते तिच्याकडे कुटुंब बाकीच्या किराण्यासाठीही येते. मात्र त्यासाठी दोन-तीन महिन्यांत मोठी रोख रक्कम धान्यात गुंतते, म्हणून नव्या शाखेचे उद्घाटन त्याच काळात कधीही ठेवू नये. दिवाळीच्या आधीच्या महिन्यालाही हेच लागू आहे.

इथवर आलेले मुद्दे एकत्र सांगायचे तर : शाखा अशा गावांत काढावी जी एका फेरीत बसतात, साठा 30 दिवसांच्या आत ठेवावा, नव्या शाखेचे भांडवल जुन्या शाखेच्या वितरकांच्या पैशांतून उभे करू नये, आणि मागणीयादी त्या वस्तीची असावी.

डी-मार्टविषयी आपण विचारले आहे. सोलापुरात डी-मार्ट आहेच आणि त्याच्या भावाशी प्रत्येक वस्तूत बरोबरी करण्याचा प्रयत्न आपण करू नये. गिऱ्हाइकाला मोजक्या वस्तूंचे भाव पाठ असतात : साखर, गोडेतेल, तूरडाळ, चहा, कपडे धुण्याची पावडर. या वस्तूंत आपला भाव फार वेगळा दिसू नये, मग त्यात नफा जवळजवळ नसला तरी चालेल. उरलेल्या मालात आपले बळ जवळच्या अंतरात, डाळ-धान्याच्या प्रतीत, खराब निघालेला माल वाद न घालता बदलून देण्यात आणि स्थानिक पदार्थांत आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी, शेवया, पापड हे जिल्ह्यातल्या घरगुती उत्पादकांकडून आणि महिला बचत गटांकडून थेट घ्यावेत. त्यांचे भांडवल आपल्याहून लहान असते, म्हणून त्यांचे पैसे सर्वांत आधी द्यावेत. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. माझे म्हणणे असे की आठवड्याला द्यावेत, कारण ताजी चटणी आधी कोणाच्या दुकानात पोहोचते हे त्यावरच ठरते.

वडिलांच्या काळातील जुन्या गिऱ्हाइकांना उधारी चालू ठेवावी का, हेही आपण विचारले आहे. जुन्या दुकानातील वही वडिलांनी स्वतः सांभाळावी, पण नव्या कोणत्याही शाखेत उधारी सुरू करू नये. ती माणसे वडिलांच्या ओळखीची असतात. पंढरपूरच्या व्यवस्थापकाला ती ओळख नसते, आणि कोणाला नाही म्हणायचे हा अधिकार त्याच्यावर सोपवणे अन्यायाचे आहे.

पुढचे पाऊल म्हणून माझी सूचना अशी की आता कोणतीही जागा घेऊ नये. आधी दोन्ही दुकानांच्या मध्ये सोयीचे पडेल असे लहान गोदाम भाड्याने घ्यावे, डाळी-धान्याची खरेदी तिथून सुरू करावी आणि दोन्ही दुकानांना ठरलेल्या वारी माल पाठवावा. आपण आणि आपले भाऊ सलग महिनाभर दुकानांत न बसता ती कशी चालतात तेही याच काळात पाहून घ्यावे. तीन महिने प्रत्येक दुकानाचे चार आकडे लिहून ठेवावेत : साठा किती दिवसांचा, वितरकांचे देणे सरासरी किती दिवसांनी दिले, घट विक्रीच्या किती टक्के, आणि गिऱ्हाइकाने मागितलेली पण फळीवर नसलेली वस्तू दिवसातून किती वेळा निघाली. साठा 30 दिवसांच्या आत आणि घट एक टक्क्याच्या आत स्थिर राहिली तर मोहोळ-पंढरपूर रस्त्यावरची पहिली शाखा काढायला हरकत नाही. हे आकडे हाती आल्यावर पुन्हा लिहा. जागेचा करार किती वर्षांचा करावा आणि त्या शाखेसाठी कर्ज किती घ्यावे, हे त्यावरून सांगता येईल.